चालू आहे, मग बदलायचं का? तुमची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात या पानावर लिहिलं होतं की घरातली चालू वस्तू बदलायची का नाही हे तिच्या वयावरून ठरवू नका, ती दिवसातून किती तास चालते त्यावरून ठरवा. तेवढ्या एका वाक्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, त्यातली काही थोडी छोटी करून देतोय. हिशेबाला सोपं जावं म्हणून सगळीकडे एक युनिट दहा रुपये धरलंय. तुमच्या बिलावरची एकूण रक्कम भागिले युनिट केलं की तुमचा खरा दर निघेल, शंभर युनिटच्या पुढे गेलं की स्लॅब बदलतो आणि दर बराच चढतो हे लक्षात ठेवा, म्हणजे शंभरच्या वर जाणाऱ्यांचं वाचवलेलं युनिट हे वरच्या, महागड्या दरातलं असतं.

राम राम भाऊ. आमचा सिंगल डोअर फ्रीज २००१ सालचा आहे, १६५ लिटरचा. एकदा थर्मोस्टॅट बदलला, बाकी काही नाही, अजून बर्फ कडक जमतो. मुलगा पुण्याहून फोन करून म्हणतो आई हा वीज खातो, नवीन घे. मिस्टर म्हणतात चालू वस्तू फेकायची नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही मुली येतील, तेव्हा घरात पाणी, आंबे, ताक ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून नवीन घेतला तर जुना मागच्या खोलीत राहू देऊ असं ठरतंय. काय करू आता?
– एक ताई, अमळनेर

ताई, मुलगा आणि मिस्टर दोघंही अंदाजाने बोलताहेत, तुम्ही मोजून बोला. फ्रीज ही घरातली एकच वस्तू अशी आहे की जिला आपण वर्षभर कधी बंदच करत नाही, त्यामुळे वयाचा प्रश्न सगळ्यात जास्त कुठे लागू होत असेल तर इथेच. पण २००१चा म्हणजे खातच असेल असंही नाही. तेव्हाचे छोटे डायरेक्ट कूल फ्रीज साधे होते, त्यात आतला पंखा नाही, बर्फ वितळवायचा हीटर नाही, गॅस पूर्ण असेल आणि दाराचं रबर धरून असेल तर तो आजही बऱ्यापैकी चालतो.

मोजायचं कसं? प्लगमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर मिळतो, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे असला तर दोन दिवस मागून आणा. नसेल तर दुसरी युक्ती. लग्नाला बाहेरगावी जाताना घरातलं सगळं बंद, फक्त फ्रीज चालू ठेवा, निघताना आणि आल्यावर मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, किती तास गेले तेही लिहा. दार उघडलं गेलं नाही म्हणून आकडा थोडा वाढवून धरा. किंवा एक रात्र सगळे गच्चीवर झोपा, तसंही एप्रिल-मे मधे आपल्याकडे धाब्यावर, गच्चीवरच झोप लागते, खाली फक्त फ्रीज चालू राहू द्या. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो त्याच्याशेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, ३२०० असेल तर ३२०० लुकलुक म्हणजे एक युनिट, त्यावरूनही काढता येतं.

आता आकडा आला की असं बघा. दिवसाला दोन युनिट जात असतील तर वर्षाचे ७३० झाले. तेवढ्याच मापाच्या नवीन चांगल्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला साधारण दीडशे ते दोनशेच्या मधला आकडा दिसतो. म्हणजे साडेपाचशे युनिट वाचले, साडेपाच हजार रुपये, नवीन फ्रीज तीनेक वर्षांत फिटला. घ्या, मिस्टरांना हा हिशेब दाखवा. पण आकडा एक युनिटच्या आसपास आला तर वर्षाला वाचतील दोन हजार, फिटायला आठ वर्षं, आणि तेवढ्या वर्षांत नवीन फ्रीजलाही एखादं दुरुस्तीचं काम निघतंच. मग नका घेऊ. दीड युनिट ही माझी स्वतःची रेघ आहे, त्याच्या वर असेल तर बदला. लेबलवरचा आकडा ठरलेल्या तपासणीतला असतो, भुसावळ-जळगावच्या ४५ डिग्रीत नवीन फ्रीजही त्यापेक्षा जास्तच खाणार, म्हणून एक दिवस मे मधे आणि एक दिवस थंडीत असं दोनदा मोजलंत तर उत्तम.

मोजायच्या आधी मात्र तीन कामं करा नाहीतर बिचाऱ्या फ्रीजवर अन्याय होईल. दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलं, ते काही शे रुपयांत बदलतं. मागची काळी जाळी धुळीने भरलेली असेल, प्लग काढून ब्रशने झाडा, आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. फ्रीजरमधे बोटाएवढा बर्फ साचू देऊ नका, तो बर्फ म्हणजे गारव्याला घातलेलं गोधडीचं पांघरूण आहे. या तीन गोष्टींनी आकडा खाली आलेला मी कितीतरी घरांत बघितलाय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. जुना मागच्या खोलीत राहू देऊ. ताई, हे करू नका. नवीन घेतल्याने वीज वाचते ती जुना बंद झाला तरच. दोन्ही चालले तर तुमचं बिल कमी न होता वर्षाला दीड-दोनशे युनिटने वाढेल आणि वर फ्रीजचे सोळा-सतरा हजार गेले ते वेगळेच. आखाजीचे पंधरा दिवस जागा पुरत नाही म्हणून साडेअकरा महिने रिकामा फ्रीज गार करत ठेवायचा हे पटत नाही मला. त्या पंधरा दिवसांत पाण्याला दोन मोठे माठ ठेवा, ओल्या गोणपाटावर, आंबे तर आढीतच चांगले पिकतात, फ्रीजला फक्त आमरस आणि दूध. फारच वाटलं तर जुना फ्रीज ठेवा पण प्लग काढून, दार थोडं उघडं ठेवून, आखाजीला लावायचा आणि पोरी सासरी गेल्या की परत काढायचा, आणि हे तुम्ही स्वतः कराल याची खात्री असेल तरच.

फ्रीजचाच प्रश्न. एक्स्चेंजमधे दिला तर दुकानदार दीड हजार देतो, भंगारवाला हजार म्हणतो. कुणाला द्यावा? आणि स्टार म्हणजे नक्की काय, आमच्या २०१२च्या फ्रीजला चार स्टार आहेत मग तो चांगलाच ना?
– एक वाचक, पाचोरा

स्टारचं आधी सांगतो. वस्तू वीज किती कमी खाते ते सांगणारं हे स्टारचं लेबल ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ मधे सुरू केलं, फ्रॉस्ट फ्री, म्हणजे आत बर्फ साचू न देणाऱ्या फ्रीजला २०१० पासून सक्तीचं झालं. स्टार म्हणजे शाळेतला कायमचा नंबर नाही, दर काही वर्षांनी नियम कडक होतात, त्यामुळे २०१२चे चार स्टार आजच्या मापाने एक-दोनच भरतील असं होऊ शकतं. लेबलवर ते कोणत्या काळासाठी आहे ते छापलेलं असतं आणि खाली वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. स्टार मोजू नका, ती युनिटं वाचा. दोन वेगळ्या वर्षांच्या फ्रीजची तुलना त्या आकड्यानेच होते.

द्यायचा कुणाला, तर दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा की याचं पुढे काय होणार. एक्स्चेंजमधे दिलेला चालू फ्रीज बऱ्याचदा रंग मारून दुसऱ्या घरी जातो. तुमचा फ्रीज कमी खाणारा असेल तर त्यात वाईट काही नाही, कुणाचा तरी संसार लागतो. पण दिवसाला अडीच युनिट खाणारा फ्रीज स्वस्तात मिळाला म्हणून एखाद्या गरीब घरात गेला तर त्यांचं बिल महिन्याला पाच-सातशेने चढतं, आणि त्यांना कारण कळतही नाही. असा फ्रीज विकू नका, मोडीतच काढा. आणि मोडीत काढताना भंगारवाल्याच्या हातोड्याखाली नको. मागे कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर आतल्या गॅसचं नाव असतं. नव्वदच्या दशकातल्या जुन्या फ्रीजमधे आर-१२ असायचा, ओझोनचा थर खाणारा म्हणून आपल्याकडे २०१० पर्यंत तो बंद झाला. नंतरच्या पुष्कळ फ्रीजमधे आर-१३४ए आहे, तो ओझोनला काही करत नाही पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा तेराशे पटीच्या आसपास जड. पाइप तोडला की तो सगळा हवेत. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी बनवणाऱ्या कंपन्यांवर रिसायकलिंगची जबाबदारी टाकलेली आहे, तेव्हा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून जुना माल कुठे द्यायचा ते विचारा, नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. पाचशे रुपये कमी मिळतील. चालेल.

घरात पाच पंखे, सगळे पंधरा-वीस वर्षांचे. भाचा म्हणतो मामा सगळे काढून बीएलडीसी, ते कमी विजेचे नवीन पंखे, लावा. एका पंख्याचे तीन हजार, पंधरा हजार एकदम कुठून आणू? जुन्याला रिवाइंडिंग करून भागेल का?
– एक रेल्वे पेन्शनर, भुसावळ

काका, भाच्याचं निम्मं बरोबर आहे. जुना साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पूर्ण वेगात ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट. आता ज्या खोलीत तुम्ही दोघं असता तिथला पंखा फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत दिवसरात्र फिरतो, वर्षाचे सरासरी दिवसाला पंधरा तास आणि तीनशे दिवस धरले तर दोनशे युनिट वाचतात, दोन हजार रुपये. दीड वर्षात पंखा फिटला. असा पंखा भुसावळात तरी आजच बदलावा, चालू असला तरी.

पण पाहुण्यांच्या खोलीतला? तो वर्षातून दिवसाला सरासरी एक तास फिरत असेल. सोळा युनिट, एकशे साठ रुपये, फिटायला अठरा वर्षं. त्याला हात लावू नका, तो तसाच फिरू द्या. घर एकच, मेक एकच, साल एकच, आणि उत्तरं दोन. पाच पंख्यांच्या खाली एक-एक चिठ्ठी चिकटवा आणि आठवडाभर किती तास चालला ते लिहा, माझा अंदाज आहे दोनच पंखे बदलावे लागतील, म्हणजे सहा हजार, आणि ते पण एक यंदा एक पुढच्या वर्षी.

दोन गोष्टी दुकानात कुणी सांगणार नाही. बीएलडीसीच्या आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली झालं की आधी तो जातो, म्हणून वॉरंटी किती वर्षं आणि बोर्ड गावात बदलून मिळतो का हे विचारूनच घ्या. जुन्या पंख्याचं तसं नाही, तो जळाला तर चौकातला वाइंडिंगवाला दोन दिवसात उभा करून देतो. हा जुन्याचा मोठा गुण आहे आणि खेड्यात मी तो वजनात धरतो. पण रिवाइंडिंगने पंखा चालू होतो, त्याची वीज कमी होत नाही, उलट तार कमी-जास्त भरली तर वाढतेच. दुसरं म्हणजे बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो मधून काढून टाकायचा. आणि जे पंखे जुनेच ठेवाल त्यांचा रेग्युलेटर जर तो मोठा, गरम होणारा डबा असेल तर तेवढा बदला, तो पंखा हळू करतो पण उरलेली वीज स्वतःच्या पोटात तापवून घालवतो, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-तीनशेत येतो.

सीलिंग फॅनला जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यावर वॅट बरोबरच हवा किती फेकतो तेही बघा, ४८ इंची पंख्याला मिनिटाला २१० घनमीटरच्या पुढे पाहिजे. नुसता कमी वॅटचा घेऊन मे महिन्यात घामाघूम बसायचं हा काही फायदा नाही. इन्व्हर्टर असेल तर अजून एक, लाइट गेल्यावर तीच बॅटरी दुपटीच्या आसपास टिकते.

आमचा लोखंडी कूलर वडिलांनी बनवून घेतलेला, अठरा इंची पंखा, खोली एकदम गार करतो. कधीकधी पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. एसी घ्यावा का?
– एक वाचक, चोपडा

दादा, तुमचं पत्र वाचून बाकीची बाजूला ठेवली. झिणझिण्या येतात हे "कधीकधी" म्हणून सोडायचं नाही, आजपासून तो कूलर दुरुस्त होईपर्यंत लावू नका. दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला चिकटून माणसं, विशेषतः लहान पोरं जातात, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरताना.

होतं काय की मोटारीची किंवा पंपाची वायर पाण्या-गंजाने सोललेली असते आणि करंट पत्र्यावर येतो. कूलरला बहुतेक दोन पिनी प्लग असतो म्हणजे अर्थिंगच नाही. तीन पिनी असला तरी घराची अर्थिंग जिवंत पाहिजे, आणि आपल्या काळ्या मातीत मे महिन्यात जमिनीला हातभर भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ती काम करत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. बोर्डात एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारी कळ, आहे ना मग काय, असं म्हणू नका. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. ती सहा-दहा अँपिअरला पडते आणि माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. माणसाला वाचवणारा तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा खटका, दोन-अडीच हजारात बसतो. घरात नवीन वस्तू एकच घ्यायची असेल तर मी एसी, फ्रीज सगळं सोडून आधी हा बसवा म्हणेन.

कूलर मात्र फेकू नका. आपल्या हवेला कूलरसारखं काही नाही, ४४ डिग्री आणि कोरडी खटखटीत हवा असली की ओल्या गवतातून येणारा वारा सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरतो, आणि मोटार आणि पंप मिळून घेतात दोनशे वॅट, दीड टनी एसी दीड हजाराच्या आसपास. जुलैत हवा दमट झाली की कूलर काही कामाचा नाही, तेव्हा पंखा पुरतो. त्याच्या आतली सगळी वायर नवीन, पंप नवीन, तीन पिनी प्लग, पत्र्याला अर्थिंगची वायर नट लावून घट्ट, गवत दरवर्षी नवीन, आणि टाकीला गंजाची भोकं असतील तर वेल्डिंग किंवा खाली प्लास्टिकचा टब. इलेक्ट्रिशियनकडून टेस्टर नाही, मीटर लावून तपासून घ्या. यानंतरही पत्र्यावर करंट दिसला तर वडिलांची आठवण असली तरी मोडा. आणि पाणी भरताना बटण बंद नाही, प्लग बाहेर.

मिक्सर पंचवीस वर्षांचा, इस्त्री त्याच्याहून जुनी. बदलू का?
– एक ताई, शिरपूर

नाही. मिक्सर पाचशे वॅटचा असला तरी दिवसाला दहा मिनिटं चालतो, महिन्याची अडीच युनिटं. वायर तडकलेली असेल ती बदला, भांड्यांना धार लावून घ्या, झालं.

सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन २००८चं आहे. सून म्हणते फुल्ली ऑटोमॅटिक घेऊ, मला पटत नाही पण तिला त्रास होतो हेही दिसतं.
– एक मावशी, शहादा

मावशी, विजेचा इथे प्रश्नच नाही, रोज अर्धा-पाऊण तास चालणारं मशीन, वाचून काय वाचणार. प्रश्न दोनच, पाणी आणि सुनेचे हात. तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो? चार-पाच दिवसांनी येत असेल आणि गच्चीवरची टाकी छोटी असेल तर फुल्ली ऑटोमॅटिक दर वेळी ताजं पाणी घेऊन ओतून देतं, सेमीत तुम्ही तेच साबणाचं पाणी आधी पांढऱ्या आणि मग रंगीत कपड्यांना वापरता. बोअरचं पाणी जड असेल तर आत खार पण बसतो. टाकी मोठी असेल, प्रेशर असेल, तर सुनेचं ऐका. ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात ओढून तिची कंबर दुखत असेल तर ते कारण मीटरवर दिसत नाही पण खरं आहे. आणि जुनं मशीन चालू आहे ना, मग ते मोडीत नको, ज्या घरी हाताने धुतात अशा कुणाला तरी द्या.

जुना जाड टीव्ही आणि सहा पट्ट्या, म्हणजे ट्यूबलाइट. दोन्ही चालू आहेत.
– एक वाचक, साक्री

ट्यूबा जुन्या चोकच्या असतील तर आधी त्या. ट्यूब आणि चोक मिळून पन्नासच्या वर वॅट, एलईडी पट्टी वीस. रोज सहा तास जळणारी एक पट्टी बदलली की वर्षाला साठ-पासष्ट युनिट, नवीन पट्टी सहा महिन्यांत फिटते. संडास-बाथरूममधल्या जाईपर्यंत राहू द्या. काढलेल्या ट्यूबा फोडू नका, आत थोडा पारा असतो. टीव्ही दोन-तीन तासच बघत असाल तर राहू द्या, पण खालचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने नाही, बोर्डावरून बंद करा, तो झोपेतही आठ-दहा वॅट घेतो, वर्षाची सत्तर युनिटं, म्हणजे टीव्ही न बदलता फुकट सातशे रुपये.

सासूबाईंच्या खोलीतला पंखा सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या पगारात घेतलेला. चाळीस वर्षांचा, जड, काळा पडलेला, पण फिरतो. दिवसभर फिरतो. तुमचा लेख वाचून आम्ही तो बदलायचं बोललो तर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. सासरे गेल्या वर्षी वारले.
– एक सून, धरणगाव

ताई, तो पंखा नका काढू. माझ्याच हिशेबाने तो वर्षाला दोनेक हजारांची जादा वीज घेतो हे खरं आहे, ते घरात उघड माहीत असू द्या, आणि मग ते दोन हजार आनंदाने भरा. हॉलमधला आणि तुमच्या खोलीतला पंखा बदललात तर त्यातून याचा खर्च निघून वर उरतील. सासूबाईंना सांगा की पंखा राहणार आहे, आणि त्यांच्यासमोरच तो उतरवून त्याची सर्व्हिसिंग करा. बेअरिंग नवीन टाका, कपॅसिटर बदला, पाती पुसून पात्यांचे स्क्रू आवळा. रेग्युलेटर डब्याचा असेल तर इलेक्ट्रॉनिक लावा. आणि चाळीस वर्षांचा, जड पंखा आहे म्हणून हे नक्की बघा, छताचा हुक झिजलाय का, वरच्या बोल्टला चिमटा पिन आहे का आणि तिचे दोन्ही पाय वाकवलेले आहेत का. पिन गंजलेली असेल तर नवीन टाकून मगच पंखा परत चढवा, खाली त्यांची खाट आहे.